‘करायचो’ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? अँपार्फे जुळवायची माझी पद्धत

वाइनरीत पाहुण्यांना बाग आणि तळघर दाखवायचं काम मी सात वर्षं केलं. पहिल्याच हिवाळ्यात फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातला एक म्हातारा द्राक्षवाला आला होता. आपल्याकडे वाइनसाठी लावतात त्या शेनिन ब्लां द्राक्षाचं माहेर त्याच्याच मुलखातलं. त्यामुळे तो दर चार वेलींमागे थांबून खोडाला हात लावत होता, सासरी गेलेल्या लेकीला भेटायला आल्यासारखा. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, माझे बाबाही द्राक्षाची छाटणी करायचे. फ्रेंचमध्ये ते असं झालं: ‘मों पेर आ ताये ला विन्य.’

‘कां?’ त्यानं विचारलं. आपल्या कानाला ते ‘का?’ वाटतं, पण फ्रेंचमध्ये ‘कां’ म्हणजे केव्हा.

मी गडबडले. केव्हा म्हणजे काय, दरवर्षी! एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी बहार छाटणी, मी शाळेत असल्यापासून ते त्यांचे गुडघे जाईपर्यंत. म्हाताऱ्यानं बोट हवेत गोल गोल फिरवलं आणि म्हणाला, ‘इल ताये.’ मला फरकच कळेना. मीही ‘ताये’ म्हणाले होते, तोही ‘ताये’च म्हणत होता. घोळ माझ्या मधल्या ‘आ’नं केला होता. त्या ‘आ’मुळे बाबांनी आयुष्यात एकदाच कात्री हातात धरली, छाटणी उरकली आणि घरी गेले, असं वाक्य झालं होतं.

म्हाताऱ्याच्या वाक्यातला काळ म्हणजे अँपार्फे. शब्दाचा अर्थ ‘अपूर्ण’, आणि आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातही अपूर्ण भूतकाळ आहेच. तेव्हा माझ्याकडे परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, प्रत्यय तोंडपाठ होते, पण हा काळ मी रोज आईशी बोलताना वापरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता नाशिकला गंगापूर रोडवर घरीच फ्रेंचच्या शिकवण्या घेते. अकरावी-बारावीची मुलं, डेल्फ ए-२ या फ्रेंचच्या परीक्षेला बसणारे दोन-तीन नोकरदार. सगळ्यांची खोड एकच: फ्रेंचकडे इंग्रजीच्या पुलावरून जायचं. इंग्रजीत सवय सांगायला ‘युज्ड टू’ चालतं, ‘वुड’ चालतं आणि नुसतं ‘वेंट’ही चालतं. तिथेच गाडी घसरते. मराठीत ‘आजोबा रोज रामकुंडावर जायचे’ आणि ‘आजोबा रामकुंडावर गेले’ यांची गल्लत पहिलीतलं पोरही करणार नाही. तेव्हा पूल सोडा, थेट पाण्यात उतरा.

एक सोय आधी सांगते. फ्रेंच शब्द मी इथे कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिणार आहे, आणि स्पेलिंग लागेल तिथे इंग्रजी अक्षरांची नावं सांगणार आहे. म्हणून वही घेऊन बसा आणि अक्षरं स्वतःच्या हातानं लिहा. फ्रेंचमध्ये कान आणि हात वेगळं वेगळं शिकतात, आणि या काळात तर फारच.

जुळणी छाटणीसारखीच आहे. वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्यायचं. आम्ही म्हणजे ‘नू’. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे, त्याचं ‘नू पार्लों’, आम्ही बोलतो. त्याच्या शेवटची ओ-एन-एस ही तीन अक्षरं छाटायची. खाली पी-ए-आर-एल एवढं खोड उरतं. त्याला ही नवी फूट:

झ (मी): ए-आय-एस
त्यू (तू): ए-आय-एस
इल, एल, ओं (तो, ती, आपण): ए-आय-टी
नू (आम्ही): आय-ओ-एन-एस
वू (तुम्ही): आय-ई-झेड
इल, एल (ते, त्या): ए-आय-ई-एन-टी

म्हणून बघा: झ पार्ले, त्यू पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, वू पार्लिए, इल पार्ले. सहातली चार रूपं कानाला एकच. तोंडी परीक्षेत ही चैन आहे, लेखीत हाच सापळा. ए-आय-ई-एन-टी मधलं ई-एन-टी उच्चारायचं नाही म्हणजे नाही. दरवर्षी कुणीतरी ‘पार्लेआं’ म्हणतंच.

पहिल्या दिवशी मी वर्गात पार्ले-जीचा पुडा ठेवते. पुड्यावर इंग्रजी अक्षरांत जे लिहिलंय ते फ्रेंच माणूस ‘पार्ल’ वाचेल. ‘झ पार्ल’ म्हणजे मी बोलतो, वर्तमानकाळ. आणि आपण दुकानात जे मागतो, ‘पार्ले’, तो झाला अँपार्फे. लिहिलेला वर्तमान, उच्चारलेला भूतकाळ, दोन्ही एकाच पुड्यावर. चहात बिस्किट बुडवता बुडवता दोन काळ पक्के होतात. फक्त उच्चारताना शेवटचा ‘ए’ जरा तोंड उघडून, ‘ॲ’कडे झुकलेला काढा. धातूचं मूळ रूप ‘पार्ले’ आणि भूतकाळी धातुसाधित ‘पार्ले’ यांचा ‘ए’ ओठ ताणून, चिंचोळा. खुद्द बरेच फ्रेंच लोक हा फरक पाळत नाहीत, म्हणून त्यावरून रात्रीची झोप घालवू नका.

त्या ए-आय ची एक गंमत. पूर्वी तिथे ओ-आय लिहायचे. लेखक वॉल्तेरनं ए-आय चा हट्ट धरला आणि फ्रेंच अकादमीनं आपल्या कोशाच्या १८३५ च्या आवृत्तीत तो मानला. इंग्रजांनी वाइनच्या जाणकारासाठीचा शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून त्यांच्या ‘कॉनसर’मध्ये जुना ओ-आय अजून बसलेला आहे. फ्रेंचांनी आपला शब्द कधीच सुधारला. टेस्टिंगच्या टेबलावर ही गोष्ट सांगितली की पाहुणे खूश व्हायचे, आणि हे ‘व्हायचे’ही अँपार्फेच.

आता ‘नू’पासूनच का सुरुवात करायची, ते. कारण सगळी वाकडी क्रियापदं ‘नू’पाशी आपलं खरं खोड दाखवतात. ‘रांप्लीर’ म्हणजे भरणे. त्याचं ‘नू रांप्लिसों’, मध्ये डबल एस उगवतो. ओ-एन-एस छाटलं तरी तो राहतो: मा मेर रांप्लिसे ले काझेत, आई क्रेट भरायची. मुलं घाईत मूळ शब्दाचं ‘आय-आर’ कापून ‘रांप्ले’ म्हणतात आणि डबल एस मातीत जातो. उलट ‘पार्तीर’, निघणे, हेही आय-आर वालंच, पण त्याचं ‘नू पार्तों’, तिथे डबल एस नाही, म्हणून ‘झ पार्ते’. कोणत्या आय-आर ला डबल एस लागतो याची यादी पाठ करायची गरज नाही. ‘नू’ला विचारा, तो सांगतो.

ई-आर आणि आय-आर नंतर आर-ई वाली. ‘वांद्र’ म्हणजे विकणे. नू वांदों, छाटलं, झ वांदे. हो, वांदे. मों पेर वांदे ल रेझँ, बाबा द्राक्षं विकायचे. इंग्रजीच्या पुलावरून येणाऱ्याला इथे आणखी एक ठेच लागते, कारण फ्रेंच ‘रेझँ’ म्हणजे ताजी द्राक्षं. मनुका हवा असेल तर ‘रेझँ सेक’ म्हणायचं. आमच्या घरी मात्र विकणे आणि वांदे यांचं नातं जुनं आहे. एका वर्षी एक व्यापारी गाड्या भरून माल घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. चेक दिला होता, वटला नाही. ते वाक्य मी वर्गात अजून वापरते: मों पेर वांदे ल रेझँ, ल मार्शां ना पा पेये. बाबा द्राक्षं विकायचे, व्यापाऱ्यानं पैसे दिले नाहीत. पहिला भाग वर्षानुवर्षांचा, म्हणून अँपार्फे. दुसरा एकदाच घडला आणि पुरेसा घडला, म्हणून पासे कोंपोझे, म्हणजे आपला साधा भूतकाळ.

स्पेलिंगच्या दोन बारीक गोष्टी आहेत. त्यातली पहिली नाशिककराला शिकवायला लागूच नये, कारण क्रियापदच आपलं आहे: ‘वांदांझे’, द्राक्षांची तोडणी करणे. यात फक्त द्राक्षंच, तीही वाइनसाठीची. आंबे उतरवायला हे क्रियापद चालत नाही. त्याच्या शेवटी जी-ई-आर आहे. फ्रेंचमध्ये जी नंतर ए किंवा ओ आला की जी चा ‘ग’ होतो. तो ‘झ’च राहावा म्हणून मध्ये एक ई घालतात, द्राक्षवेलीला तारेचा आधार द्यावा तसा. ‘नू वांदांझों’च्या स्पेलिंगमध्ये तो ई आहेच, ओ-एन-एस छाटल्यावर खोडाला चिकटून राहतो, आणि ए-आय-एस च्या आधी हवाच असतो. पण नू आणि वू ला फूट आय नं सुरू होते. आय पुढे जी आपोआप ‘झ’ होतो, म्हणून तिथे ई काढून टाकायचा. चार रूपांत ई आहे, दोन रूपांत नाही. ‘मांझे’, खाणे, याचंही हेच. ‘कोमांसे’, सुरू करणे, यात सी खाली शेपटी लावतात, ए च्या आधी लावायची, आय च्या आधी नाही. कारण तेच, ‘स’चा ‘क’ होऊ नये.

दुसरी गोष्ट दिसायला चूक वाटते पण बरोबर आहे. ‘एत्युदिए’, अभ्यास करणे, याच्या खोडातच शेवटी आय आहे, आणि नू ची फूटही आय नं सुरू होते. मग दोन आय शेजारी शेजारी लिहायचे. मुलं मला विचारतात, मादाम, टायपिंगची चूक? नाही. एक आय असेल तर ‘आम्ही अभ्यास करतो’, दोन असतील तर ‘आम्ही अभ्यास करायचो’. बाबांच्या छाटणीचं, ‘ताये’चंही जवळपास असंच: ‘नू तायों’ छाटतो, ‘नू ताय्यों’ छाटायचो. कानाला केसाएवढा फरक, वहीत एक आय.

अपवाद एकच. ‘एत्र’, असणे. त्याचं नू चं रूप ‘सोम’, त्याला छाटायला ओ-एन-एस च नाही. तिथे खोड ई-टी धरायचं, ई वर उजवीकडून उतरती तिरकी रेघ द्यायची आणि फूट नेहमीची: झेते, त्यू एते, इलेते, नूझेतियों, वूझेतिए, इलझेते. ‘पाऊस पडणे’ला तर ‘आम्ही’ नसतोच, आम्ही थोडेच पडतो! ते नुसतं ‘इल प्लव्हे’ म्हणून लक्षात ठेवा. बाकी सगळी, अगदी भयंकर वाटणारी ‘आव्वार’, ‘फेर’, ‘ब्वार’सुद्धा, नू ची वाट सरळ धरतात. ‘ब्वार’, पिणे, याचं नू ब्युव्हों, झ ब्युव्हे. झालं.

रूपं जुळली, आता ती कुठे वापरायची. वर्गात मी फळ्यावर गोदाघाट काढते, म्हणजे दोन रेघा आणि मध्ये दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं यावरून नाशिक पूर मोजतं, हे बाहेरगावच्या मुलांना एकदा सांगावं लागतं. मग वाक्यं: इल प्लव्हे, लो मोंते, ले झां रगार्दे ल मारुती. पाऊस पडत होता, पाणी चढत होतं, लोक मारुतीकडे बघत होते. तिन्ही अँपार्फे. यातलं काहीच संपलेलं नाही, सगळं चालू आहे, कथा पुढे सरकलेली नाही. मग: ला पोलीस आ फेर्मे ल पों. पोलिसांनी पूल बंद केला. इथे एकदम काहीतरी घडलं, आणि तो ‘आ’ परत आला, तोच तो माझ्या बाबांना एकदाच छाटणी करायला लावणारा. पुराचं चित्र उभं करणारी वाक्यं अँपार्फेत, त्या चित्रात पाऊल टाकणारी घटना पासे कोंपोझेत.

मराठीची पट्टी अशी लावा. क्रियापदाला -ायचो, -ायची, -ायचे असेल तर अँपार्फे. ‘जात असे’, ‘करत असत’ हा पुस्तकी रीती भूतकाळ असेल तरी अँपार्फे. ‘जात होते’, ‘करत होतो’ असेल तर अँपार्फे. नुसतं ‘होतं’ असेल, घर होतं, थंडी होती, मला माहीत होतं, तरी अँपार्फे. कहाणीतलं ‘आटपाट नगर होतं’ आणि फ्रेंच गोष्टींची सुरुवात ‘इलेते यून फ्वा’ ही सख्खी भावंडं आहेत.

आता खड्डे. हे फक्त मराठी माणसाच्या वाटेवर असतात, म्हणून फ्रेंचच्या पुस्तकांत सापडत नाहीत.

‘काल मी नाशिकरोडला गेले होते.’ यात ‘होते’ दिसलं की मुलं धावत जाऊन अँपार्फे लावतात: ‘इएर, झाले आ नाशिकरोड.’ आधी ‘झाले’ऐकून वर्ग हसतो, ते हसू द्या. पण फ्रेंच माणूस हे ऐकून थांबून राहील. काल तू नाशिकरोडला चालली होतीस, बरं, मग वाटेत काय झालं? आपण मराठीत साधी घडून गेलेली गोष्टही ‘गेले होते’, ‘आणलं होतं’ अशी सांगतो. तिथे फ्रेंचला पासे कोंपोझे हवा: ‘झ स्वी आले’. म्हणून ‘होते’च्या आधी काय आहे ते बघा. ‘जात’ असेल तर अँपार्फे, ‘गेले’ असेल तर बहुतेक वेळा नाही. एखाददोन ठिकाणी ही पट्टी फसते, ‘भूक लागली होती’ला ‘झाव्हे फँ’ असा अँपार्फेच लागतो, कारण फ्रेंचमध्ये भूक लागत नाही, ती जवळ असते.

दुसरा खड्डा आपल्या चांगल्या वळणाचा आहे. आपण वडिलांना ‘ते जायचे’ म्हणतो. मग वहीत ‘मों पेर’च्या पुढे ए-आय-ई-एन-टी येतं. तोंडी कुणाला कळत नाही, लेखीत मार्क जातात. फ्रेंचमध्ये वडील एकटेच असतात, कितीही मान असला तरी: ए-आय-टी. मान द्यायचा तो ‘वू’नं, समोर असताना. त्या बदल्यात एक सूट आहे. मराठीत मी जायचे की जायचो हे बाई-पुरुषावर ठरतं, फ्रेंच अँपार्फेला त्याचं काहीच पडलेलं नाही.

तिसरा मोजमापाचा. मुदत सांगून दार बंद केलं, तीन वेळा, सात वर्षं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, की मराठीत ‘करत होते’ चालत असलं तरी फ्रेंचमध्ये पासे कोंपोझे. माझं पहिलंच वाक्य बघा: काम मी सात वर्षं केलं. ‘झे त्रावाये सेतां.’ त्या सात वर्षांच्या आत शिरून रोज काय चालायचं ते सांगायला लागले की मात्र अँपार्फे.

सराव म्हणून मी आजोळावर दहा वाक्यं लिहायला सांगते. फ्रेंचमध्ये विचार करू नका म्हणते, आधी मराठीत लिहा, प्रत्येक -ायचं खाली रेघ मारा, मग फ्रेंच करा. बारावीतल्या एका मुलानं लिहिलं होतं: आजी चुलीपुढे बसायची, मी लाकडं द्यायचो, ती कधीच पुरे म्हणायची नाही. ‘पुरे’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात यावर आमचा अर्धा तास गेला. क्रियापदं तिन्ही बरोबर होती.

आणि एक शेवटचा उपयोग, जो पुस्तकात पार मागच्या पानावर असतो आणि खरं तर पहिल्या आठवड्यात शिकवायला हवा. आपण ‘-ायचं’ नुसतं आठवणींना वापरत नाही. ‘जायचं का?’, ‘चहा घ्यायचा का?’ असं सुचवायलाही वापरतो. फ्रेंचनंही हेच केलंय. ‘सि ओं’ म्हणायचं आणि पुढे अँपार्फे. ‘ओं’ म्हणजे आपल्याला हवा तोच ‘आपण’. सिओनाले? जायचं का? भूतकाळाशी याचा काडीचा संबंध नाही, रूप मात्र तेच.

हे शिकवलं त्या शनिवारी साडेसातला वर्ग सुटला. चपला घालता घालता तोच बारावीवाला वळून म्हणाला, ‘मादाम, दमँ, सि ओं मांझे यून मिसळ?’

उद्या मिसळ खायची का. ‘यून’ बरोबर, कारण मिसळ आपल्याकडे स्त्रीलिंगीच. मी फक्त विचारलं, ‘मांझे’त ई लिहिलास का?

‘बोलताना कसा लिहू?’ तो म्हणाला.